अभिज्ञानाची चित्रफीत

खाजगी पत्रे आणि रोजनिश्या यांना वाङ्मयीन मूल्य केव्हा लाभते, हा समीक्षेपुढील जुना प्रश्न आहे. हौशी माणसाने घेतलेल्या चित्रफितीविषयी मात्र तो सहसा विचारला जात नाही. तिला पुरावा म्हटले की समीक्षक मोकळा होतो. विल्यम लॉर्टन यांचा ‘स्पिटफायर ९४४’ (२००६) हा लघुपट त्याला असे मोकळे होऊ देत नाही.

१९४४ साली इंग्लंडातील माउंट फार्म विमानतळावर अमेरिकन वैमानिक जॉन ब्लाइथ यांचे विमान, चाके खाली न आल्यामुळे, पोटावर उतरले. तुकडीच्या डॉक्टरांनी ते दृश्य सोळा मिलिमीटरच्या फितीवर टिपले. डॉक्टरांच्याच कुटुंबातील लॉर्टन यांच्या हाती ती फीत सुमारे साठ वर्षांनी आली आणि ८३ वर्षांच्या ब्लाइथ यांनी ती प्रथमच पाहिली.

हे विमान लढाऊ जातीचे, परंतु निःशस्त्र होते. त्यात बंदुकांच्या जागी कॅमेरे होते; वेग आणि उंची हेच त्याचे संरक्षण. अशा ५१ मोहिमा ब्लाइथ यांनी केल्या. त्यांनी आणलेल्या छायाचित्रांत कारखाने आणि लोहमार्ग ओळखता येत. माणसाला त्यांत स्थान नव्हते. डॉक्टरांच्या फितीत नेमका तोच आहे. चित्रे आणणाराच येथे चित्राचा विषय झाला.

अशा प्रसंगी शाकुंतलातील अंगठीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य येथेच संपते. अंगठी दुष्यंताला विसरलेले आठवून देते; ही फीत ब्लाइथ यांना कधीच न दिसलेले दाखविते. मरणाच्या सान्निध्यातील तो क्षण त्यांनी आतून भोगला होता. बाहेरून तो दुसऱ्याने पाहिला. दोन अर्धे अनुभव इतक्या वर्षांनी एकत्र येतात, आणि केवळ नोंद असलेल्या दृश्याला अर्थ प्राप्त होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. हे ओळखणे टिपण्यासाठी दिग्दर्शकाने दुसरा कॅमेरा आधीच सज्ज ठेवला होता. मग त्याला उत्स्फूर्त कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. परंतु भेट योजता येते, तिचा प्रत्यय योजता येत नाही. डॉक्टरांनी कलाकृती निर्माण केली नाही, एक साक्ष मागे ठेवली. तिला तिचा खरा प्रेक्षक त्याच्या हयातीत भेटला. बहुतेक घरगुती फितींना हे भाग्य लाभत नाही.