मोटार वेशीबाहेर

अमेरिकेतील यूटा राज्याच्या तांबड्या खडकांत, आर्चेस येथे, एडवर्ड ॲबी १९५६ व १९५७ साली सरकारी रखवालदार होता. त्या दिवसांतून ‘डेझर्ट सॉलिटेअर’ (१९६८) हे पुस्तक उतरले. त्यातील वाळवंटाची वर्णने सुंदर आहेत. परंतु पुस्तकाचा खरा प्राण त्यातल्या भांडणात आहे. भूमी सर्वांची, मग मोटारीने तिची शांतता मोडण्याचा हक्क कोणाचा? ॲबी म्हणतो, मोटारी वेशीबाहेर ठेवा. पायी, सायकलवर वा घोड्यावर आत या.

त्याची दूरदृष्टी मान्य केलीच पाहिजे. याच आर्चेसमध्ये २०२२ साली गर्दीपायी प्रवेशाची वेळ आधी ठरवून घेण्याची पद्धत आली. परंतु म्हाताऱ्यांची संधी होऊन गेली असे जेव्हा तो सुनावतो, तेव्हा त्याचा तराजू कलतो. नातवाचे बोट धरून आलेली आजी या भूमीची मालकीण नव्हे काय? यूटातल्याच झायन उद्यानाच्या दरीत २००० सालापासून हंगामात खाजगी मोटारींऐवजी बसगाड्या धावू लागल्या. दरी निवांत झाली, आणि आजीलाही वाट राहिली.

ॲबीचे भांडण खरे, निकाल मात्र कठोर. मोटारसफरीला निघणाऱ्या कुटुंबाने हे पुस्तक अवश्य वाचावे. रागावून का होईना!