रॅप-गीत, तरुण श्रोता आणि पालक

कलाकृतीचा कोवळ्या मनावर होणारा परिणाम हा वाङ्मयविचारातील एक जुना प्रश्न आहे. अमेरिकेत गेल्या काही दशकांत त्याची चर्चा प्रामुख्याने रॅप-गीताच्या अनुषंगाने झाली. या चर्चेत दोन पक्ष ठळकपणे दिसतात. एकाच्या मते गीतातील हिंसा व अश्लीलता श्रोत्याच्या आचरणात उतरते. दुसऱ्याच्या मते गीत हा कल्पित निवेदकाचा उद्गार असल्याने त्यास आचरणाचे माप लावणेच गैर होय. दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेला श्रोता मात्र एकच आहे. त्याला घर नाही. तो गीतासमोर एकटा बसलेला आहे. हे गृहीतच तपासून पाहणे अगत्याचे आहे.

रॅपचा उगम १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील तरुणांच्या नृत्यमेळाव्यांत झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्याविषयीच्या पालकवर्गाच्या भीतीस पुढे जे संस्थात्मक रूप मिळाले, त्याचा आरंभ मात्र रॅपपासून झाला नाही. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये टिपर गोर प्रभृतींनी ‘पेरेंट्स म्यूझिक रिसोर्स सेंटर’ स्थापन केले व त्याच वर्षी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. या संस्थेने आक्षेपार्ह म्हणून पुढे ठेवलेल्या पंधरा गीतांत रॅपचे एकही गीत नव्हते. रॉक, हेवी मेटल व पॉप यांचाच त्यांत भरणा होता. १९९० मध्ये ध्वनिमुद्रिकांवर पालकांसाठी एकसारखी इशारा-चिठ्ठी लावण्यास प्रारंभ झाला, तोवर रोष रॅपकडे वळला होता. त्याच वर्षी फ्लॉरिडातील संघीय न्यायालयाने ‘टू लाइव्ह क्रू’ या गायकसमूहाची एक ध्वनिमुद्रिका अश्लील ठरविली. १९९२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय फिरविला.

या चिठ्ठीत पालकाविषयीची एक विशिष्ट कल्पना अनुस्यूत आहे. पालक म्हणजे दुकानाच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी. आज गीत दुकानातून नव्हे, तर मुलाच्या हातातील फोनवरून येते; पहाऱ्याचे दारच नाहीसे झाले आहे. शिवाय दोन पाळ्यांत राबणाऱ्या आईबापांना पहारा देण्याची सवड तेव्हाही नव्हती.

परिणामवादी पक्ष निराधार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. अलाबामातील ५२२ कृष्णवर्णीय किशोरींचा बारा महिने मागोवा घेणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. रॅपच्या चित्रफिती अधिक पाहणाऱ्या मुलींत मारामारी, अटक इत्यादी प्रकार अधिक आढळल्याचे त्यात नमूद आहे. परंतु साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अशा चित्रफितींकडे मुलीस ओढणारी परिस्थितीच तिच्या आचरणाचेही कारण असू शकते.

दुसऱ्या बाजूने, ऐकणाऱ्या प्रौढाचा कानही निर्दोष नसतो. कॅरी फ्रीड यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘किंग्स्टन ट्रिओ’ या लोकगीतगायकांच्या एका जुन्या, हत्येचे कथन करणाऱ्या गीताचे शब्द निरनिराळ्या वाचकांपुढे ठेवले होते. ते शब्द रॅपचे आहेत असे सांगितले असता ते अधिक आक्षेपार्ह व घातक वाटले. कंट्री-गीताचे म्हणून सांगितले असता तसे वाटले नाहीत. शब्द तेच होते. ज्या पालकास न्यायाधीशाच्या आसनावर बसवावयाचे, त्याचा निर्णय पुष्कळदा गीत ऐकण्यापूर्वीच झालेला असतो, असा याचा अर्थ होय.

वस्तुतः पालक हा रॅपच्या बाहेर उभा नाही. तो रॅपच्या आतही आहे. टुपाक शकुर यांचे ‘डिअर मामा’ हे १९९५ चे गीत मातृस्तुतिपर असले, तरी ते आईचे व्यसन झाकीत नाही; तो दोष उच्चारूनच ते कृतज्ञतेपर्यंत पोहोचते. केंड्रिक लामार यांच्या ‘गुड किड, मॅड सिटी’ (२०१२) या ध्वनिमुद्रिकेत आईवडिलांचे फोनवरील निरोप मधूनमधून ऐकू येतात. आरंभी आई नेलेली गाडी परत मागते. मित्राच्या हत्येनंतर वडिलांचा उपदेश येतो आणि मुलाने आपली कथा वस्तीतील मुलांना सांगावी, अशी आशा आई प्रकट करते. ही वाक्ये वगळल्यास उरते ती रस्त्यावरील हिंसेची बखर. ती ठेवल्यास त्याच हिंसेला साक्षीचे रूप येते. पालकाच्या वाणीने अर्थ कसा पालटतो, याचे प्रात्यक्षिकच येथे रचनेतून मिळते.

यावरून रॅपवरील आक्षेप निकालात निघतात असे नाही. आईचा गौरव करणाऱ्या कवीनेच अन्यत्र स्त्रियांची अवहेलना केली आहे, आणि एका गीताचे पुण्य दुसऱ्याच्या खाती जमा करता येत नाही. परंतु हा विसंवाद बंदीने दिसत नाही, आणि ‘हे केवळ कल्पित आहे’ असे म्हटल्यानेही दिसत नाही. तो दिसण्यासाठी दोन्ही गीते ऐकलेला कोणी वडीलधारा मुलाशेजारी बसून विचारणारा हवा: आईला जो मान दिला, तो दुसऱ्याच्या मुलीला का नाकारला? पहारेकऱ्याचे काम संपले तेथे भाष्यकाराचे काम सुरू होते. भाष्यकाराने आधी मूळ ग्रंथ वाचलेला असावा लागतो, ही अट पालकालाही लागू आहे.