माहेरचा उमेदवार

राजकारणाने दुभंगलेल्या जोडप्याची प्रेमसुखात्मिका मराठीत शोधू लागले, की हाती बहुधा दुसरेच काही लागते. गरीब-श्रीमंत, व्रतस्थ आणि रसिक, सुशिक्षित आणि अडाणी असे तंटे आपल्या रंगभूमीने प्रेमाच्या आड हौसेने घातले. राजकीय मतभेद घालताना मात्र तिचा हात आखडला.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांकडे त्यासाठी काय नव्हते? 'केसरी'चा अनुभव होता, टिळकांचा सहवास होता. 'कीचकवधा'त (१९०७) प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन ओळखला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पुढच्याच वर्षी 'मानापमान' आले. त्यात भामिनी धनिकाची मुलगी आणि धैर्यधर निर्धन सेनापती. भामिनी वनमाला होऊन त्याच्या सेवेला लागते तेव्हा ती एक पूर्वग्रह टाकत असते. पूर्वग्रह टाकणाऱ्याच्या पदरचे काही जात नाही, उलट नवरा मिळतो. मत सोडणाऱ्याच्या पदरचे बरेच जाते. खाडिलकरांनी ही दुसरी वाट घेतली नाही. बंदीनंतरच्या दिवसांत ते समजण्यासारखेही आहे.

जवळात जवळचे उदाहरण अत्र्यांचे. मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' (१९३८) त्यांनीच लिहिला. शिस्त आणि संयमाच्या भाषणाने भारावलेला औदुंबर नटनट्यांच्या तसबिरी घराबाहेर काढतो आणि व्रत घेतो. मीनाक्षी शिरोडकरांची किशोरी ते मोडते. व्यायाम, गणवेश, राष्ट्रोद्धार यांची त्या काळातली हवा चित्रपटात पुरेपूर आहे. आपण आजही खळखळून हसतो, पण हसतो ते एकाच बाजूला. औदुंबराचा विचार पहिल्यापासून पोकळ दाखवल्यामुळे तो फुटताना कुणाला दुखत नाही. लुबिचच्या 'निनोच्का'तही (१९३९) सोव्हिएत बाई आधी पॅरिसमधल्या टोपीची टर उडवते आणि पुढे तीच टोपी विकत घेते. तिचा प्रियकर मार्क्सचे 'भांडवल' वाचतो खरा, पण त्याला आपले काही सोडावे लागत नाही. दोघांचीही मते खरी आहेत, आणि तरीही संसार हवा आहे, असा पेच या दोन्ही चित्रपटांनी टाळला.

हा पेच खुद्द आमच्या भागात सापडतो. शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातले बाजाराचे गाव. अशा गावात ग्रामपंचायतीला पक्षाचे चिन्ह नसते, पॅनल असते. जिल्हा परिषदेला मात्र पक्ष उघड उतरतात. सोयरिकी पंचक्रोशीतच होत असल्यामुळे कैक जणींचे माहेर आणि सासर एकाच गटात येते. भाऊ एकीकडे, दीर दुसरीकडे. प्रचाराची जीप दारात आली की चहा कोणी टाकायचा, इथून नाटक सुरू होते! पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के जागा २०११ पासून मिळाल्या, तेव्हा तर तीच उमेदवार असू शकते. पण इथे लेखक घसरतात. सरपंचबाईच्या मागे सही सांगणारा नवरा हे पात्र हुकमी हशा मिळवते, म्हणून तेवढ्यावरच भागवले जाते. तो विनोद नवऱ्याचा. बाईला स्वतःचे मत असेल, ही शक्यताच त्यातून वगळलेली असते.

वास्तविक गुप्त मतदानासारखी देणगी विनोदी लेखकाला दुसरी नाही. बोटावर शाई दोघांच्याही आहे. बटण कोणते दाबले हे तिलाच ठाऊक. नवरा विचारू शकत नाही, सासू विचारते, ती हसते. तिचे हसणे लबाडीचे की ठाम, हे शेवटपर्यंत तोलून धरणे ही खरी कसोटी. तिसऱ्या अंकात तिला सासरच्या पक्षात आणले की नाटक संपले. त्याला माहेरच्या पक्षात नेले, तरी तेच.

निकालाच्या दिवशी गुलाल एकाच अंगणात पडतो. हरलेल्या भावाकडे जायचे की जिंकलेल्या दिराच्या पंगतीला वाढायचे, आणि नवरा तिला मोटारसायकलवर कुठे सोडतो, हा प्रवेश माझ्या वाचनात अजून आलेला नाही.