९६ हा आकडा नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

कोविडमध्ये घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आला. ‘९७ आहे, काळजी नाही’ असं तुम्हीही कधीतरी म्हणाला असाल. यकृताच्या जुनाट आजारात, म्हणजे सिऱ्होसिसमध्ये, मात्र मी या वाक्यावर विसंबणार नाही.

सिऱ्होसिसच्या काही रुग्णांमध्ये फुप्फुसातल्या केशवाहिन्या फुगतात. एरवी लाल पेशी जेमतेम मावावी इतक्या अरुंद असणाऱ्या या नळ्या एवढ्या रुंदावतात, की रक्त पुरेसा ऑक्सिजन न घेताच पुढे सटकतं. हा हिपॅटोपल्मनरी सिंड्रोम.

२००७ साली अर्गेदास, फॅलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ऑक्सिमीटरवर ९६ च्या खालचे सगळे निवडले तर धमनीतला ऑक्सिजनचा दाब ७० मिमीच्या खाली गेलेले रुग्ण निसटत नाहीत. काम चोख होतं. पण २०१८ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांत तोच ९६ ‘हा सिंड्रोम आहे का?’ यासाठीची चाळणी होऊन बसला. प्रश्न बदलला, आकडा तोच! २०१९ मध्ये प्रत्यारोपणासाठी तपासणी चाललेल्या रुग्णांवर ही चाळणी लावून पाहिली, तर सिंड्रोम असलेल्यांपैकी एक तृतीयांशही सापडले नाहीत. (या पेपरच्या लेखकांतही फॅलन आहेत, याचं मला कौतुक वाटतं.)

यात नवल नाही. निदान ठरतं वायुकोष आणि धमनी यांतल्या ऑक्सिजनच्या दाबातल्या फरकावर: १५ मिमी किंवा जास्त, वयाच्या ६४ नंतर २०. ऑक्सिमीटर मोजतो हिमोग्लोबिनची टक्केवारी, आणि दाब १०० वरून ८० वर आला तरी ती एक-दोन अंकांनीच हलते. शिवाय सिऱ्होसिसचे रुग्ण मुळात जास्त श्वासोच्छ्वास करतात, त्यामुळे धमनीतला ऑक्सिजनही बरा दिसतो. त्यात रुग्ण आडवा असेल तर आणखी फसगत, कारण या आजारात ऑक्सिजन घसरतो तो बसल्या-उभ्यावर.

‘निसटतात ते सौम्य, आणि औषध तर नाहीच’ असा बचाव ऐकू येतो. तो अर्धाच खरा. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत जादा गुण मिळतात ते दाब ६० च्या खाली गेल्यावर; तेवढ्यासाठी ऑक्सिमीटरची बरीच मदत होते. पण २००८ च्या एका अभ्यासात, यकृत किती बिघडलंय याचा हिशेब धरूनही, हा सिंड्रोम असलेल्यांचा मृत्यूचा धोका दुपटीहून जास्त निघाला. तेव्हा प्रत्यारोपणाची तपासणी सुरू असेल, तर ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी मनगटातून धमनीतल्या रक्ताची तपासणी एकदा व्हावी, आणि तीही रुग्णाला बसवून.