कथा कोण सांगतो: मराठी निवेदकाची वाटचाल आणि मराठवाडा

कथेतल्या घटना लेखक रचतो, पण वाचकाला त्या निवेदकाकडून कळतात. निवेदक घटनेच्या किती जवळ आहे, त्याला किती माहीत आहे, तो त्याच वेळी सांगतो आहे की बऱ्याच वर्षांनी, आणि कोणत्या बोलीत सांगतो आहे, यावर कथेचा अर्थ ठरतो. वेन बूथ यांनी १९६१ मध्ये लेखक आणि निवेदक यांच्यातले अंतर अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणले. जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये ‘पाहतो कोण’ आणि ‘सांगतो कोण’ हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे केले. मराठी कथात्म साहित्याचा इतिहास या दोन प्रश्नांच्या आधारे पाहिला की एक गोष्ट ठळकपणे दिसते. या साहित्याची मोठी वळणे नव्या विषयांमुळे जेवढी आली, तेवढीच नव्या निवेदकांमुळे आली. त्यांतली काही मराठवाड्यात घडली.

गोदाकाठचे पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी होती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’तल्या माहाराष्ट्री प्राकृत गाथांमध्ये कवी स्वतः फारसा बोलत नाही. एखादी स्त्री सखीशी बोलते, दूती नायकाला सांगते, घरची बाई वाटसरूला सूचकपणे काही सुचवते. बोलणारी कोण आणि ऐकणारा कोण हे गाथेत बहुधा दिलेले नसते, म्हणून जुने टीकाकार आधी बोलणारा आणि प्रसंग ठरवतात व मग अर्थ लावतात. बोलणारी व्यक्ती बदलली की त्याच दोन ओळी विनवणी होतात किंवा इशारा होतात. दृष्टिकोनाचा विचार या भूमीत कादंबरीच्या कितीतरी आधीपासून होता, तो असा.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या सहवासात राहिलेल्यांकडून त्यांनी आठवणी गोळा केल्या. एकाच लीळेच्या, म्हणजे प्रसंगाच्या, दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर कोणाचे म्हणणे काय आहे याची नोंद परंपरेने ठेवली. एका माणसाचे चरित्र अनेक साक्षीदारांच्या तोंडून सांगण्याची ही शिस्त मराठी गद्याला त्याच्या आरंभीच मिळाली.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडांत वेगळा मार्ग घेतला. वासुदेव, जोगी, भुत्या, महार अशा अनेकांच्या मुखातून ते बोलले. जोहार घालणारा महार त्यांच्या भारुडात वेदान्त सांगतो, तेव्हा समाजाने दूर ठेवलेल्या माणसाला वक्त्याचा मान मिळतो. तरीही त्या मुखातून बोलणारे ज्ञान एकनाथांचे आहे. दुसऱ्याचा आवाज घेण्यातली करुणा आणि मर्यादा, दोन्ही येथे एकत्र आहेत. पुढच्या मराठी साहित्याला हा प्रश्न पुन्हा पुन्हा सोडवावा लागला.

आधुनिक कादंबरीत दुसऱ्याच्या आवाजाचा हा प्रश्न हरि नारायण आपटे यांच्यापुढे उभा राहिला. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिकातून येऊ लागलेली ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही विधवा झालेल्या यमूची आत्मकथा आहे. लिहिणारी यमू सगळे भोगून झालेली आहे, आणि ती ज्या मुलीविषयी लिहिते तिला पुढचे काहीच ठाऊक नाही. या अंतरामुळे माहेरच्या साध्या प्रसंगांवरही येणाऱ्या दुःखाची सावली पडते. सर्वज्ञ निवेदकाने हीच कहाणी सांगितली असती, तर वाचकाला विधवेच्या स्थितीची माहिती मिळाली असती. यमूच्या निवेदनामुळे तो त्या स्थितीचा साक्षीदार होतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निवेदनाचे अनेक प्रयोग झाले. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) नायक चक्रधर आपल्या प्रेमाची कहाणी सांगतो, आणि प्रेयसी हॅर्टाच्या पत्रांमुळे त्याच प्रेमाची दुसरी बाजू तिच्याच शब्दांत उलगडते. बा. सी. मर्ढेकरांनी ‘रात्रीचा दिवस’मध्ये (१९४२) संज्ञाप्रवाहाची, म्हणजे मनातल्या विचारांचा ओघ तसाच मांडण्याची, वाट धरली. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांमध्ये वाटून दिली. मात्र तिघांची भाषा खांडेकरांच्याच अलंकारिक वळणाची राहिली. दृष्टिकोन तीन, पण आवाज जवळजवळ एक. निवेदक बदलला तरी त्याची भाषा बदलली नाही, तर प्रयोग अर्धाच राहतो. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) निवेदक आणि त्याची भाषा यांतले हे अंतर मिटवले. निवेदक पांडुरंग सांगवीकरचे अडखळणे, त्याची अतिशयोक्ती, त्याची डायरी हीच त्या कादंबरीची रचना आहे. नेमाडे पुढे मराठवाडा विद्यापीठात अध्यापक होते.

ग्रामीण साहित्यात निवेदकाचा प्रवास बाहेरून आत झाला. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक धनगरांच्या वस्तीवर आलेला तरुण शिक्षक आहे. तो प्रमाण मराठीत सांगतो, माणसे माणदेशी बोलतात. त्याच्या नवखेपणामुळेच वाचकाला गाव हळूहळू कळत जाते. १९७१ मध्ये आलेल्या दोन कादंबऱ्यांनी हा मध्यस्थ दूर केला. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त शेतगडी नारबा कोल्हापूरकडच्या बोलीत बोलतो. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त गावातल्या शिंप्याची बायको पार्वती मराठवाडी बोलीत आपल्या संसाराची पडझड सांगते. बोराडे हे लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. पार्वतीला गावच्या सत्तेचे सगळे डाव कळत नाहीत. तिला कळतो तो नवऱ्याचा बदललेला स्वभाव आणि चुलीपाशी वाढत गेलेला धाक. वाचक तिच्यापेक्षा अधिक समजतो, पण तिच्या शब्दांवाचून त्याला काहीच समजले नसते. निवेदकाच्या मर्यादेतून कथेला बळ कसे मिळते, हे मराठीत शिकायचे तर ‘पाचोळा’ हा उत्तम पाठ आहे.

एकनाथांच्या जोहारात जे दुसऱ्याच्या मुखाने बोलले गेले, ते दलित आत्मकथनांनी स्वतःच्या मुखाने सांगितले. औरंगाबादमध्ये (आताचे संभाजीनगर) १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय आणि गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ नियतकालिक या लेखनाची मोठी केंद्रे ठरली. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’मध्ये (१९७९) भूक आणि अपमान लहान मुलाच्या जाणिवेतून येतात, भाष्य कमी आणि प्रसंग अधिक, हे त्या निवेदनाचे सामर्थ्य. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली हकिकत शिकलेल्या दया पवाराला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसवल्यामुळे शिक्षणाने पडलेली आतली भेग रचनेतच दिसते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) ‘मी’ची जागा ‘आम्ही’ घेते आणि आत्मकथा वस्तीची कथा होते. ही पुस्तके सामाजिक दस्तऐवज म्हणून खूप वाचली गेली. कथनकला म्हणून त्यांचे वाचन अजून अपुरे आहे, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आजच्या स्थितीत दोन प्रवाह दिसतात. पहिला, विस्तारलेल्या निवेदकाचा. नेमाडे यांच्या ‘हिंदू’मध्ये (२०१०) नायक खंडेरावाच्या जाणिवेत अनेक काळांचे आवाज मिसळतात. रंगनाथ पठारे यांच्या ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये (२०१९) एका कुळाच्या पिढ्यान्‌पिढ्या एकत्र गुंफल्या आहेत. दुसरा प्रवाह अनुभवाची खात्री देणाऱ्या ‘मी’चा. आत्मकथनांनी या ‘मी’ला नैतिक वजन मिळवून दिले. परंतु त्यानंतरच्या बऱ्याच लेखनात ‘मी’ हाच सत्याचा पुरावा मानला जातो, आणि निवेदकाला काय दिसत नाही हा प्रश्न मागे पडतो.

बदलत्या मराठवाड्याला हा प्रश्न टाळता येणार नाही. संभाजीनगर–पैठण रस्त्यावरच्या चितेगावसारख्या गावात शेती आणि कारखाने शेजारी आहेत. जमीन विकलेला शेतकरी, कंत्राटी कामगार, परजिल्ह्यातून आलेली भाडेकरी कुटुंबे, घर आणि मजुरी दोन्ही सांभाळणाऱ्या बाया हे सारे एकाच रस्त्याने जातात, पण त्यांचे गाव एक नाही. अशा ठिकाणची कथा एकट्या ‘मी’ला पेलणारी नाही, आणि सर्वज्ञ निवेदक ती सपाट करून टाकेल. ‘लीळाचरित्रा’तली अनेक साक्षींची शिस्त आणि ‘पाचोळा’तली बोलीची निष्ठा एकत्र आणणारे निवेदन तिला हवे आहे.

समीक्षेचे कामही तेवढेच बाकी आहे. सांगवीकर म्हणजे नेमाडे, दगडू म्हणजे केवळ दया पवार, असे समीकरण मांडले की निवेदकाची घडण दिसेनाशी होते. कोण सांगतो, कोणाला सांगतो, काय त्याच्या नजरेबाहेर राहते आणि त्याची भाषा कोणाची आहे, हे चार प्रश्न शाळा-महाविद्यालयांतल्या वाचनात रुजले पाहिजेत. वाचक ते विचारू लागले की लेखकालाही निवेदकाची निवड जबाबदारीने करावी लागेल.