एक्स्प्रेस, लेक आणि टाइम

मागच्या हिवाळ्यात सोयगावातल्या एका मुलीने माझ्यापुढे वर्तमानपत्राचे कात्रण ठेवले. तालुक्यातल्या एका शर्यतीत 800 मीटर धावून ती पहिली आली होती. बातमीत तिच्या वडिलांची मजुरी होती, घरावरचे पत्रे होते, तिचा काटक बांधा होता, सावळा रंगसुद्धा होता. ‘‘मावशी, ह्यात माझा टाइम कुठंय?’’ तिने विचारले. टाइम नव्हता. 2 मिनिटे 41 सेकंद, असे तिने स्वतःच पेनाने समासात लिहिले होते.

मी कुठल्या विद्यापीठाची संशोधक नाही. तीसेक वर्षे कात्रणे चिकटवत आले, एवढीच माझी साधनसामग्री. त्या मुलीच्या प्रश्नानंतर धावपटू मुलींची कात्रणे मी पुन्हा काढली. खेळाडू स्त्रीच्या देहाचे प्रदर्शन मांडले जाते, ही तक्रार आपण टेनिस किंवा सिनेमाच्या पुरवण्यांवरून करतो. मराठी क्रीडापानावर तसे क्वचितच आढळते, हे आधी कबूल केले पाहिजे. तिथला प्रकार निराळा आहे. तिथे देह दिसतो, पण तो गरिबीचा पुरावा म्हणून.

कविता राऊतचे उदाहरण घेऊ. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळचा सावरपाडा हे तिचे गाव, म्हणून ती ‘सावरपाडा एक्स्प्रेस’. तिच्याविषयीच्या लेखांत अनवाणी पाय, डोंगरवाट आणि पाण्याचा हंडा ही त्रयी चुकत नाही. ते खोटे नाही, तिने ते भोगले आहे. पण आकडे काय सांगतात पाहा. 2010च्या ऑक्टोबरात दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये तिला कांस्य मिळाले, वेळ 33 मिनिटे 5.28 सेकंद. नोव्हेंबरात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळाले, वेळ 31 मिनिटे 51.44 सेकंद. सुवर्ण मिळवणारी प्रीजा श्रीधरन तिच्यापुढे एक सेकंदही नव्हती. दीड महिन्यात जवळजवळ 74 सेकंदांचा फरक! हवामान आणि शर्यतीची चाल यांचा वाटा वजा केला तरी उरते ते मोठेच आहे. हंडा तर दोन्ही शर्यतींच्या मागे सारखाच होता. मग फरक कशाने पडला? इथे विजेंद्रसिंग या प्रशिक्षकांकडचा सराव, 25 फेऱ्यांची विभागणी, शेवटच्या फेरीसाठी राखलेला दम यांविषयी लिहायला हवे होते. माझ्या वह्यांत हंड्याच्या मानाने ते फारच थोडे सापडते.

‘एक्स्प्रेस’ हे नाव काही फक्त बायकांना देतात असे नाही. शोएब अख्तर ‘रावळपिंडी एक्स्प्रेस’ होताच. पण त्याचे नाव आले की पाठोपाठ ताशी 161.3 किलोमीटर हा आकडाही येतो. नाव वेगाला चिकटलेले आहे. पी. टी. उषा ‘पय्योली एक्स्प्रेस’, ललिता बाबर ‘माणदेशी एक्स्प्रेस’, हिमा दास ‘ढिंग एक्स्प्रेस’. यांत गाव उरते, वेग गळतो. शिवाय गाडीला दम लागत नाही की पाळी येत नाही. मुलींच्या मैदानावरच्या रोजच्या अडचणी या नावाखाली झाकल्या जातात.

ललिता बाबरच्या बाबतीत ‘दुष्काळाने घडवलेली’ हा शब्दप्रयोग माझ्या मनात अनेक दिवस होता. मीही एका जुन्या लेखात ‘माणदेशी मातीचा काटकपणा’ असे काहीतरी लिहून बसले आहे. आता ते वाचताना संकोच वाटतो. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. बायकांचा अडथळा 76.2 सेंटिमीटरचा. दमलेल्या पायांनी पाऊल न मोडता तो ओलांडणे ही शिकण्याची गोष्ट आहे, माती ती शिकवत नाही. रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ललिताने 9 मिनिटे 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि 15 ऑगस्ट 2016 रोजी अंतिम फेरीत ती दहावी आली. त्या आठवड्यात मात्र वर्तमानपत्रांनी वेळ छापली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत छापली. म्हणजे जमते! ऑलिंपिक असावे लागते, इतकेच.

दुष्काळ खेळाडू घडवतो असे एकदा मान्य केले की धावपट्टी, बूट आणि पोटभर अंडी-दूध यांची मागणी करायला जागाच उरत नाही. मला या वर्णनांतली खरी अडचण ही वाटते. कौतुकाच्या सुरात सरकारला आणि समाजाला दिलेली ती सूटच आहे.

बातमीतल्या देहवर्णनाने शर्यतच बंद पडल्याचा दाखलाही आहे. 1928च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका प्रथमच 800 मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडकेने 2 मिनिटे 16.8 सेकंदांचा जागतिक विक्रम केला. नऊ जणी धावल्या, नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. पण काही वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या, निम्म्या शर्यत सोडून गेल्या, असे चित्र रंगवले. शर्यत संपल्यावर पुरुषही गवतावर आडवे होतात. त्याला कोणी कोसळणे म्हणत नाही. बायकांचे शरीर एवढ्या अंतरासाठी नाही, असे म्हणणाऱ्यांना आयता आधार मिळाला आणि ऑलिंपिकमधली ती शर्यत 1960पर्यंत परतली नाही. ललिताची स्टीपलचेस तर बायकांसाठी 2008 साली, बीजिंगला सुरू झाली.

तेच 800 मीटर अंतर आज पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना धावावे लागते. पहाटे फर्दापूरच्या रस्त्यावर मुली सरावाला दिसतात, मोबाइलवर घड्याळ लावलेले असते. सेकंदांवर गुण, गुणांवर नोकरी. त्यांना स्वतःच्या शरीराविषयी हवी असलेली माहिती अगदी नेमकी आहे: पहिली फेरी किती सेकंदांत, दुसरीत किती घसरण.

ते कात्रण मी चिकटवून घेतले आहे, समासातल्या तिच्या अक्षरासकट. गेल्या महिन्यात ती पुन्हा आली होती. बातमी नव्हती, नुसता आकडा सांगायला आली होती: 2 मिनिटे 36.