संगीत नाटकाला लावलेली उसनी फूटपट्टी

संगीत नाटकावरचा एक आक्षेप आम्ही विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. पद सुरू झालं की नाटक थांबतं, आणि खरं नाटक संवादातच असतं. पुढे हमखास जोडलं जातं, ‘इंग्रजांकडे बघा.’ आज आपण बघूच.

१७३७च्या कायद्यानंतर लंडनमध्ये गद्य नाटकाचा हक्क मुख्यतः ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन ह्या दोन थिएटरांकडे राहिला. बाकीच्यांनी काय केलं? नाटकात गाणी घातली, त्याला ‘बर्लेटा’ नाव दिलं आणि पळवाट काढली. ही मक्तेदारी १८४३ साली संपली. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. तिथे गाणं कायद्यापोटी आलेलं, इथे परंपरेतून. आपल्या पैठणच्या नाथांच्या भारुडातलं सोंग गातगातच बोलतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण ज्या दोन थिएटरांवर बंधन नव्हतं, त्यांचं काय? कॉव्हेंट गार्डनने शेक्सपिअरचं ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ १८१९ मध्ये आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’ १८२० मध्ये चक्क गाणी घालून केलं. संगीत हेन्री बिशपचं. बायरनचं ‘मॅनफ्रेड’ १८३४ मध्ये रंगमंचावर आलं, तेही बिशपच्या संगीतासह. म्हणजे प्रेक्षकांना गाणं हवंच होतं!

मग शुद्ध संवादाचा हा आदर्श आला कुठून? तो पुस्तकातून आला. १८११ मध्ये चार्ल्स लॅम्बने मांडलं की शेक्सपिअरच्या शोकांतिका रंगमंचावर नीट उतरत नाहीत, त्या वाचण्यातच खऱ्या भेटतात. शेलीचं ‘द चेंची’ १८१९ चं. त्याचा पहिला प्रयोग व्हायला १८८६ साल उजाडलं. आमच्या वर्गांत लॅम्ब आणि कोलरिज पोचले, बिशप पोचला नाही. परिणामी आपण इंग्रजांच्या पुस्तकाशी मराठी प्रयोगाची तुलना करत बसलो. दोन वेगळ्या कोटींतल्या गोष्टी एका तराजूत घातल्या, की निकाल आधीच ठरलेला असतो.

तुलना करायचीच तर प्रयोगाची प्रयोगाशी करा. वेबरचा ‘ओबेरॉन’ १८२६ मध्ये कॉव्हेंट गार्डनला झाला. संहिता प्लँशेची, इंग्रजीतली. महत्त्वाची कितीतरी पात्रं गातच नाहीत आणि ऐन मोक्याच्या क्षणी संगीत गप्प बसतं, ही खुद्द वेबरची तक्रार होती. त्याच्या शेजारी किर्लोस्करांचं १८८२ चं ‘सौभद्र’ ठेवा. सुभद्रेची घालमेल, रुक्मिणीचा रुसवा, कृष्णाची चेष्टा, सगळं पदांतून पुढे सरकतं. पदं वगळली तर गोष्ट उरेल, माणसं उरणार नाहीत. गाणं आणि नाटक एकजीव करण्यात, आमच्या मते, किर्लोस्कर प्लँशेच्या पुढे गेले.

म्हणून आक्षेप पूर्ण खोटा आहे का? तसंही नाही. देवलांचं ‘फाल्गुनराव’ १८९३ मध्ये गद्य म्हणूनच उभं राहिलं. त्याचं मूळ मोलिएरकडे जातं, आणि वाट आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून. १९१६ मध्ये त्यात पदं घालून ‘संशयकल्लोळ’ झालं. ती पदं गोड आहेत, आम्हालाही प्रिय आहेत. पण फाल्गुनरावाचा संशय त्यांच्यावाचून अडत नाही. आणि वन्समोअरवर वन्समोअर पडू लागले की नाटक थांबतं, हे मान्यच करायला हवं.

तेव्हा ‘गाणी किती’ हा प्रश्न सोडून देऊ. गाणं काढलं तर पात्रातलं काय जातं, हे विचारू. ‘सौभद्र’ ह्या कसोटीला उतरतं, ‘संशयकल्लोळ’ अर्धंमुर्धं उतरतं आणि पुढची पुष्कळ नाटकं उतरत नाहीत. ती नापास झाली तरी हरकत नाही. मात्र ती आपल्या रंगभूमीच्या कसोटीवर नापास व्हावीत. लंडनच्या रंगमंचावर जी कधी चाललीच नाही, त्या फूटपट्टीने नव्हे.

आता प्रश्न विचारा.